सहाशे किलोंचा भोपळा आणि तीन पायांची घोडी

मॅसॅच्युसेट्समध्ये बॉस्टनच्या उत्तरेला आमचं घर आहे. कुंपणापलीकडचे शेजारी ७१ वर्षांचे, शाळेत शिकवून निवृत्त झालेले. आमच्या घरात त्यांना 'भोपळेकाका' असंच म्हणतात. गेल्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते टेप घेऊन भोपळा मोजत होते आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मापं तीन घ्यायची: जमिनीला समांतर घेर, देठापासून फुलाच्या टोकापर्यंत वरून जाणारं माप आणि तसंच आडवं, एका बाजूच्या जमिनीपासून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत. तिन्हींची इंचांत बेरीज करून तक्त्यात पाहिलं की वजनाचा अंदाज मिळतो. तक्ता म्हणाला १,३५० पौंड, म्हणजे ६१२ किलो. काकांनी टेप गुंडाळता गुंडाळता सहज विचारल्यासारखं विचारलं, की तू इंजिनियर आहेस ना?

मेकॅनिकलची पदवी माझ्याकडे आहे खरी. पण बावीस वर्षं मी संगणकासमोर बसून आहे आणि शेवटचा नटबोल्ट आवळला तो मुलीच्या सायकलचा. तरी भोपळा उचलायला तीन पायांची तिपाई, म्हणजे आपल्याकडची घोडी, बनवायला होकार देऊन बसलो. पुढच्या तीन आठवड्यांत जे झालं ते इथे मांडतोय, कारण आमचा हिशोब चुकला तो भलत्याच ठिकाणी. पाइप किती जाड हवा यावर आम्ही पहिला आठवडा घालवला आणि पाइपने आम्हाला एकदाही त्रास दिला नाही. त्रास दिला तो पायांखालच्या जमिनीने आणि रिकाम्या तिपाईने. सगळ्यांत वाईट क्षण आला तेव्हा आकड्याला (हुकाला) काहीच लटकत नव्हतं.

फळ आणि अडचण

आपल्याकडे फोडी करून विकतात त्या लाल भोपळ्याच्या, डांगराच्या भाऊबंदांतलंच हे फळ. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करत 'अटलांटिक जायंट' हे वाण तयार केलं आणि १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं सर्वांत जड भोपळ्याची स्पर्धा जिंकली. आजचे बहुतेक राक्षसी भोपळे त्याच वाणाचे वंशज. बियांना नाव असतं ते फळाचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल मिळून. आई कोण, बाप कोण हे काका खिलार बैलांच्या वंशावळीसारखं तोंडपाठ सांगतात.

उचलण्याचा प्रश्न तसा अलीकडचा. १९०४ साली सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात विल्यम वॉरनॉक यांनी ठेवलेला ४०३ पौंडांचा, म्हणजे १८३ किलोंचा भोपळा सत्तरहून जास्त वर्षं कुणाला हरवता आला नाही. तेवढं फळ ताडपत्रीवर घेऊन सहा-आठ गडी उचलू शकतात. मग १९९६ मध्ये १,००० पौंडांची रेघ ओलांडली गेली आणि २०१२ मध्ये २,००० ची, ती आमच्याच राज्यात टॉप्सफील्डच्या जत्रेत. ९ ऑक्टोबर २०२३ ला कॅलिफोर्नियात मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गींगर यांचा भोपळा २,७४९ पौंड भरला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये पेटन जुळ्या भावांनी १,२७८.८ किलोंवर आकडा नेला. एवढ्या वजनाला गडी लावून भागत नाही. फळाची साल आणि गर कितीही जाड असला तरी आतल्या पोकळीपर्यंत पोचणारी एक चीर पडली की फळ स्पर्धेतून बाद, त्यामुळे पहारीने कलवणं, ट्रॅक्टरच्या सुपाने खालून उपसणं हे सगळं बंद.

ज्यांची मोठी शेतं आहेत ते ट्रॅक्टरच्या लोडरला जाळं अडकवतात आणि दहा मिनिटांत मोकळे होतात. काकांचं शेत म्हणजे परसबाग. घर आणि बाग यांच्या मधोमध सेप्टिक टाकीचं पाणी मुरवायच्या सच्छिद्र नळ्या जमिनीत पुरलेल्या. त्यावरून ट्रॅक्टर गेला तर नळ्या दबतात, आणि इथे त्या बदलण्याचा खर्च ऐकला तर भोपळा सोन्याचा असला तरी परवडणार नाही. म्हणजे गाडी बागेत येणार नाही. भोपळा बागेत एकदा उचलायचा, फळीवर ठेवून तीसेक मीटर ओढत अंगणातल्या डांबरी रस्त्यावर आणायचा आणि तिथे पुन्हा उचलून ट्रेलरवर चढवायचा. तिपाई एकच, जागा दोन. बागेतली जमीन शेणखत घालघालून लोण्यासारखी केलेली, तर अंगण दगडासारखं घट्ट. हा फरक सुरुवातीला आम्ही मनावर घेतला नाही.

काकांची जुनी लाकडी तिपाई शेडमध्ये होती, बारा फुटी पायांची. चारशे किलोंपर्यंतची फळं तिने उचलली होती. मी बोल्ट काढून पाहिलं तर तिन्ही पायांना भोकापासून खाली बोटभर लांबीच्या चिरा. शिवाय उंची अपुरी. ट्रेलरचं तळ, त्यावर पॅलेट (लाकडी फळ्यांचा चौथरा), त्यावर ९० सेंटीमीटर उंचीचं फळ, फळावरून वर गोळा होणारे पट्टे, मग चेनपुली (हाताने साखळी ओढून वजन उचलायचं साधन) पूर्ण आवळली तरी तिच्या दोन आकड्यांमधलं उरणारं अंतर: या सगळ्यांची बेरीज तीन मीटरच्या वर जाते. लोक पायांची लांबी मोजतात आणि ही बेरीज विसरतात. मग भोपळा ट्रेलरच्या काठाला चार बोटं कमी पडून अधांतरी राहतो. काकांच्या बाबतीत हे एकदा झालेलं होतं. त्यांनी तेव्हा ट्रेलरच्या चाकांतली हवा सोडली होती.

अण्णांचा प्रश्न

माझे वडील, अण्णा, तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. सांगोल्याकडे आमचं डाळिंब आणि थोडी ज्वारी आहे. बोअरमधली मोटर जळली की तीन पाइपांची घोडी उभी करून चेनपुलीने शंभर-दीडशे फूट नळ्या वर ओढायच्या, हे काम त्यांनी किती वेळा केलं असेल याची मोजदाद नाही. मी कागदावर आकडेमोड करत बसलो होतो. त्यांनी चहा पीत थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आरं, पायपाचं काय घिऊन बसलायस? पाय कशावर ठिवणार त्ये सांग आधी."

मी म्हटलं, "अण्णा, आधी पाइप टिकतो का ते बघतोय."

"पायप टिकतोय. मी बघिटलाय पायप."

आकडेमोड त्यांच्याच बाजूने निघाली. दोन इंची भरभक्कम पोलादी पाइप, बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर, लांबी १६ फूट. कोठारात तो २१ फुटांच्या लांबीत मिळतो, त्यामुळे मध्ये सांधा द्यावा लागला नाही. पाय उभ्या रेषेपासून २५ अंश झुकलेले धरले तर डोकं ४.४ मीटरवर येतं आणि दोन पायांमध्ये साडेतीन मीटरचं अंतर राहतं, ज्यातून ट्रेलर आरामात जातो. १,००० किलोंचा भार टांगला तर प्रत्येक पायावर ३६८ किलोंचा दाब. एवढा लांब पाइप मधून वाकायला साधारण २,३०० किलो लागतात. सहापट सूट. इथे मी पेन्सिल खाली ठेवायला हवी होती. पण दीड इंची चालेल का, अडीच इंची घ्यावा का, यात मी अजून तीन संध्याकाळी घालवल्या.

खरा खेळ पायांच्या फाकण्यात आहे. २५ अंशांऐवजी पाय ३५ अंश फाकवले तर पाइपवरचा दाब ३६८ वरून ४०७ वर जातो, जेमतेम एक दशांश वाढ. पण पाय बाहेर घसरू पाहतात तो जोर १५५ वरून २३३ वर जातो, म्हणजे दीडपट. हा जोर पेलायला तिन्ही पावलं एकमेकांना साखळीने बांधायची. २५ अंशांना प्रत्येक साखळीत ९० किलोंचा ताण येतो, ३५ ला १३५. अण्णांना यातला एकही आकडा ठाऊक नव्हता, पण घोडीचे पाय बांधल्याशिवाय त्यांनी कधी कप्पी ओढलेली नाही.

त्यांचं एक मात्र मी ऐकलं नाही. गावाकडे तिन्ही पाइपांची टोकं चेपून एकाच जाड खिळीत ओवतात. घडी करायला सोपं, पण मधला पाय आणि कडेचे पाय यांच्यावर भार सारखा येत नाही आणि खिळ वाकते. मी १२ मिलिमीटर जाडीची पोलादी थाळी घेतली, तिच्याखाली १२० अंशांवर कानांच्या तीन जोड्या आणि मध्ये आकडा अडकवायला डी-शॅकल, म्हणजे बोल्टने बंद होणारी पोलादी कडी. प्रत्येक पाय आपल्या कानांत पाऊण इंची बोल्टवर फिरतो आणि ३० अंशांच्या पुढे उघडू नये म्हणून आत एक अडणी. वेल्डिंग मी केलं नाही, ते रोज वेल्डिंग करणाऱ्याकडून करून घेतलं. माणसं ज्याच्या आसपास उभी राहणार तो सांधा शनिवारच्या हौशी हाताने जोडू नये, यावर काका आणि अण्णा दोघांचंही एकमत होतं. एकाला दुसऱ्याची भाषा येत नसताना ते कसं झालं, हे मी अजून नीट समजू शकलेलो नाही.

पट्ट्यांचं जाळं विकतचं घेतलं. वर पोलादी कडं, त्यातून सायकलच्या आऱ्यांसारखे आठ पट्टे खाली, प्रत्येकाच्या टोकाला फास. सगळ्या फासांतून एक दोर ओवून तो भोपळ्याच्या सर्वांत फुगीर घेराच्या खाली, पोट आत वळतं तिथे आवळायचा. भार आला की पट्टे ताणले जातात आणि दोर त्यांना वर सरकू देत नाही. भोपळा कुशीवर झोपलेला असतो, त्यामुळे देठ वर नसून बाजूला येतो. एखादा पट्टा देठावर बसला तर चीर तिथूनच सुरू होते.

चाचणी, आणि नळाचं पाणी

भोपळ्यावर प्रयोग करायचा नव्हता. ओळखीच्या एकाकडून प्लास्टिकची हजार लिटरची पाण्याची टाकी आणली, रिकामी ६० किलोंची. तिच्या तळच्या पॅलेटखालून पट्टे घेतले, जमिनीपासून चार बोटं वर उचलली आणि बागेच्या नळीने भरत गेलो. ही पद्धत मी कुणालाही सुचवेन. भार हळूहळू वाढतो, कधीही थांबता येतं आणि काही तुटलंच तर टाकी चार बोटं खाली पडते. ८०० लिटरपर्यंत जायचं ठरलं होतं. टाकीसकट ८६० किलो, म्हणजे भोपळा अधिक जाळं यांच्या सव्वापटीहून जास्त.

अण्णांनी नळीची जबाबदारी घेतली होती. ८०० च्या खुणेला त्यांनी नळी काढून गवतावर टाकली आणि चहाला आत आले. नळ चालूच राहिला. पाऊण तासाने मी बाहेर गेलो तर टाकी एका बाजूला कललेली, आणि उत्तरेकडचा पाय चिखलात वीतभर रुतलेला. साखळ्या ताठ होत्या, पाइप सरळ होते, वेल्डिंगला ओरखडा नव्हता. जमीन तेवढी गेली होती.

उघड्या पाइपाचं टोक म्हणजे झाकण लावूनही २८-२९ चौरस सेंटीमीटर. आमच्या भोपळ्याचा वाटा आणि पायाचं स्वतःचं वजन धरून एका पायाखाली साधारण २४० किलो येतात. चौरस सेंटीमीटरला आठ किलोंच्या वर. खत घातलेल्या मातीत पहार जाते तसा पाइप जाईल. चाचणीत पायांखाली आम्ही विटेएवढे लाकडी तुकडे ठेवले होते आणि कोरड्या गवतावर ते चाललेही असते. त्या दिवसानंतर प्रत्येक पायाखाली एक पाट: ४५ सेंटीमीटर चौरस, दोन थरांचं प्लायवूड, मध्ये पाइप बसेल अशी पोलादी वाटी. दाब चौरस सेंटीमीटरला ०.१२ किलोवर आला. माणूस एका पायावर उभा राहिला तरी याच्या दुपटीहून जास्त दाब पडतो.

अण्णा दोन दिवस नळाबद्दल काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बरं झालं पाणी सांडलं, न्हाईतर कळलं नसतं. मी वाद घातला नाही, कारण मुद्दा बरोबर होता.

बागेतली उचल

स्पर्धा शनिवारी, म्हणून उचल शुक्रवारी सकाळी. वेल आदल्या संध्याकाळी कापला होता. काकांनी देठ हातभर ठेवून करवत चालवली, मग थोडा वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. चार महिने रोज पहाटे त्या वेलाशी बोलणारा माणूस, मी मध्ये बोललो नाही.

तिपाई उभी करायची रीत सोपी आहे, पण क्रम चुकला तर जड जाते. दोन पाय जमिनीवर कैचीसारखे पसरायचे, त्यांच्या पावलांमधली साखळी बांधून टाकायची. डोकं दोघांनी उचलून घडीच्या शिडीवर टेकवायचं आणि याच वेळी, डोकं छातीच्या उंचीला असताना, चेनपुली अडकवायची. मग तिसऱ्या पायाचं पाऊल आत ढकलत न्यायचं. जसं ते आत येतं तसं डोकं वर चढतं. पावलं पाटांवरच्या वाट्यांत बसली की उरलेल्या दोन साखळ्या.

थाळीच्या मधून ओळंबा सोडला. तो भोपळ्याच्या मध्यावर यायला हवा. हात-दीड हात बाजूला असेल तर फळ जमीन सोडताच त्या बाजूला झुलतं आणि सहाशे किलोंचा झोका हाताने थांबत नाही. आमचा ओळंबा पहिल्यांदा वीतभर देठाकडे होता. पाट सरकवून दुरुस्त करायला वीस मिनिटं गेली. काकांचे जावई अधीर झाले होते. मी ओळंब्याची दोरी धरून उभाच राहिलो.

चेनपुली ओढायला लागलो. साखळीचा कटकट आवाज, पट्टे ताठ, दोर सालीत किंचित रुतला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. भोपळा खालच्या वाळूला चिकटलेला असतो. एकदम 'फच्' असा आवाज झाला, ओल्या वाळूतून पाय काढल्यावर येतो तसा, आणि फळाखाली उजेड दिसला. काका गुडघ्यांवर बसले, टॉर्च लावून पोट तपासलं. तळाला फिकट पिवळा डाग, वाळूचे कण, एक गांडूळ. चीर नाही. दीड मीटर चौरसाचं पॅलेट खाली सरकवलं, त्यावर फोमचे तुकडे, आणि भोपळा खाली बसला. चौदा मिनिटं.

पॅलेट ओढण्याची गोष्ट लांबवत नाही. प्लायवूडचे आठ फुटी पत्रे एकापुढे एक, वर ड्रेनेजच्या जाड प्लास्टिक पाइपाचे तुकडे रूळ म्हणून, आणि चार माणसं दोराला. मागचा रूळ मोकळा झाला की उचलून पुढे ठेवायचा. जात्याचा दगड असाच हलवतात. वजन पत्र्यांवर पसरल्यामुळे जमिनीतल्या नळ्यांनाही काही झालं नाही.

रिकामी तिपाई

आता तिपाई अंगणात न्यायची होती. खाली उतरवा, पुली काढा, घडी करा, न्या, पुन्हा उभी करा: अर्धा तास. मला वाटलं, उभीच चालवत नेऊ. तिघांनी एकेक पाय धरायचा आणि पाळीपाळीने फूटभर पुढे टाकायचा. ही कल्पना माझी. अण्णा त्या वेळी पॅलेटजवळ होते.

दहा पावलं छान गेली. मग कॉलेजात जाणारा शेजारचा मुलगा वाफ्याच्या कडेच्या दगडावरून पाय टाकायला म्हणून आत आला, त्याच वेळी मीही आत आलो होतो. साखळ्या पाय फाकू देत नाहीत, पण जवळ येण्यापासून अडवत नाहीत. त्या नुसत्या सैल पडतात. हे मला कागदावर दिसलं नव्हतं, कारण कागदावर भार नेहमी टांगलेला होता. पूर्ण फाकलेली आमची तिपाई वीसेक अंश कलेपर्यंत स्वतःहून सावरते. पावलं मध्यापासून मीटरभर अंतरावर आली की तो आकडा दहाच्या आत येतो. त्यात वर १८ किलोंची पुली आणि १२ किलोंची थाळी. पुली झुलली आणि डोकं काकांच्या दिशेने निघालं.

"सोडू नगा! भाईर, पाय भाईर!" अण्णा ओरडले. मराठी मला एकट्यालाच कळलं. मी माझा पाय होता नव्हता तेवढा जोर लावून बाहेर फेकला, जावयांनी काकांना दंडाला धरून ओढलं आणि तिपाई हेलकावा खाऊन थांबली. एक पाऊल काकूंच्या हायड्रेंजियाच्या झुडपात. झुडपाच्या दोन फांद्या गेल्या, माणसं शाबूत. आणि मान वर केली तेव्हा दिसलं, की आणखी सहा-सात पावलांवर खांबावरून घरात येणारी विजेची तार होती. जवळजवळ साडेचार मीटरचं लोखंड घेऊन आम्ही तिच्याकडेच चाललो होतो.

कुणी काही बोललं नाही. काकूंनी सगळ्यांना कॉफी दिली. मग तिपाई उतरवली, पुली काढून वेगळी नेली, पायांची मोळी बांधून चौघांनी खांद्यावर घेतली. मोजून सव्वीस मिनिटं लागली. ज्या अर्ध्या तासाची मला घाई झाली होती तो हाच.

अंगणातली दुसरी उचल

तारेपासून दूर, अंगणाच्या जास्तीत जास्त सपाट टोकाला जागा धरली. तरी पाणसळ लावली तर उतार होताच, म्हणून खालच्या दोन पाटांखाली पाचरी मारल्या. डांबरावर पाय रुतत नाहीत, तिथे ते सरकतात. २५ अंशांना आडवा जोर हा उभ्या भाराच्या ०.४७ पट असतो आणि डांबरावर लाकडाची पकड फार तर तेवढीच मिळेल. थोडक्यात, इथे सगळी भिस्त साखळ्यांवर.

पण ट्रेलर आत येणार त्या बाजूची साखळी चाकांच्या वाटेत येते. हे अण्णांनी आठवडाभर आधी विचारलं होतं: "गाडी साखळीवरनं जाणार कशी?" म्हणून त्या बाजूला साखळीऐवजी ५० बाय ६ मिलिमीटरची पोलादी पट्टी घेतली होती, दोन्ही टोकांना भोक, जमिनीला चिकटून. चाक त्यावरून जाताना जाणवतसुद्धा नाही.

उचल सुरू केली आणि 'कर्रर्र' असा आवाज करत तिन्ही पाट बाहेर सरकले. हात थांबला. बोल्ट बसायला सोपं जावं म्हणून मी साखळ्या बोटभर ढिल्या ठेवल्या होत्या. दोन पावलांमधली पाच सेंटीमीटर ढिलाई म्हणजे प्रत्येक पाऊल तीन सेंटीमीटर बाहेर, डोकं दीड सेंटीमीटर खाली. नुकसान शून्य, पण त्या आवाजाने काकांचा चेहरा पांढरा पडला. बागेत हीच ढिलाई होती. तिथे पाटांच्या कडा मातीत बसल्या होत्या म्हणून कळलं नाही. भोपळा पुन्हा टेकवला, साखळ्या कडी न् कडी मोजून ताठ केल्या, परत उचलला. या वेळी आवाज नाही.

ट्रेलर गाडीने मागे घेतला नाही. मागे घेताना एखाद्या पायाला धक्का लागला तर सगळं संपतं. गाडीपासून सोडवून चौघांनी हाताने ढकलला, चाकांखाली लाकडी गुटके मारले, मग भोपळा उतरवला. लटकलेल्या फळाखाली कुणाचाही हात जाणार नाही, पॅलेट सरळ करायचं तर काठीने, हा एकच नियम मी त्या दिवशी आवाज चढवून सांगितला.

दुसऱ्या दिवशी जत्रेत फोर्कलिफ्टवाल्याने पॅलेटखाली दोन जिभा घातल्या, वळण घेतलं आणि भोपळा काट्यावर ठेवला. दोन मिनिटंही लागली नसतील. आम्ही पाच जण एकमेकांकडे बघत होतो. काटा म्हणाला १,३९१ पौंड, ६३१ किलो. तक्त्यापेक्षा ३ टक्के जड, याचा काकांना वजनापेक्षाही जास्त आनंद. जड भरणाऱ्या फळाच्या बियांना मागणी असते. नंबर अकरावा आला.

तिपाईत यंदा केलेले बदल थोडे आहेत. पायांच्या मध्यावर एकेक आडवी पट्टी, जी उभं केल्यावर खिळीने अडकते आणि पाय जवळही येऊ देत नाही. तरीही ती उभी न्यायची नाही, असं ठरलंय. साखळीच्या ज्या कडीत बोल्ट घालायचा तिला लाल रंग. आणि बाजूने ओढून धरायला डोक्याला एक दोर, त्याला अण्णा वेसण म्हणतात.

बिया काढून झाल्यावर काकांनी मोठी फोड आमच्याकडे पाठवली. या भोपळ्यांना चव नसते, नुसतं पाणी आणि धागे. आईने तरी घारगे करायला घेतले. कीस पिळून पिळून घेतला, गूळ दुपटीने घातला, वर वेलची. अण्णांनी चार खाल्ले आणि सांगितलं की घारगे झालेत गुळाचे, भोपळा नुसता रंगाला आहे.